सातवा नट

१

काम सुरू करायच्या आधी आर्व्हो कांगास मोजत असे. हॅनकॉक गावच्या त्या एकाच गॅरेजात तो तेहेतीस वर्षं गाड्या उघडत आणि मिटत आला होता, आणि सकाळची पहिली पाच मिनिटं कायम मोजण्यातच गेली होती. आदल्या दिवशी सोडवलेले नट चुंबकाच्या वाटीत असत. एकेक नट बोटाने बाजूला सारायचा, आकडा जुळला की मग कॉफी. मालक व्हर्न गुड्रो ऑफिसच्या दारातूनच ओरडायचा, "झाली का रे तुझी जपमाळ?"

मार्चमधल्या त्या मंगळवारी वाटीत सहा नट होते. हवे होते सात.

त्याने पुन्हा मोजले. सहा. वाटी उचलून खाली पाहिलं, टेबलाखाली टॉर्च फिरवला, बुटांचे तळवेसुद्धा उलटे करून पाहिले. सहा ते सहाच.

मग त्याला काल दुपारचा आवाज आठवला. टिंग. चमचा कपाच्या काठाला लागावा तेवढाच. नेमका तेव्हाच व्हर्न काहीतरी ओरडला होता, आर्व्होने तिकडे मान वळवली होती, आणि आवाज डोक्यातून निघून गेला होता.

गाडी परक्याची असती तरी तो नट शोधत बसला असता. ही निळी गाडी त्याच्या मुलीची होती. काइसाची आज दुपारी दोन वाजता ग्रीन बेला नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा होती. गाडीने साडेतीन तासांचा रस्ता. ही परीक्षा हुकली तर पुढची दीड महिन्याने, आणि हॉस्पिटलने तिची जागा तेवढे दिवस धरून ठेवणार नाही असं कागदावर लिहून दिलं होतं. साडेनऊला ती गाडी न्यायला येणार होती. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले होते.

गॅरेजात एक नियम होता. कुठल्याही घाईत तो कुणी मोडला नव्हता. इंजिनात काही पडल्याचा संशय आला की स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. तोवर किल्लीला कुणी हात लावायचा नाही.

आर्व्होने फडकं बांधलं. गाठ नेहमीपेक्षा घट्ट बसली.

२

या सगळ्याचं मूळ एका पुस्तकात होतं. कुठल्या गाडीच्या कुठल्या कामाला किती तास लागावेत, हे त्या पुस्तकात छापलेलं असतं, आणि कारागिराला मोल मिळतं ते छापील तासांचं. बाकी वेळ त्याचा त्याने घरून आणायचा. पुस्तक लिहिणाऱ्याच्या हातून जन्मात काही खाली पडलं नसावं. पडलेली वस्तू शोधायला त्याने पाव तासही ठेवलेला नाही.

काल व्हर्नने तेच पुस्तक आर्व्होच्या नाकासमोर नाचवलं होतं. गिऱ्हाइकांना वापरायला द्यायची गॅरेजची एक बदली गाडी होती, पांढरी. काइसाच्या गाडीचीच जुळी बहीण, तेच इंजिन, तोच आजार. हवा आत घेणारं मॅनिफोल्ड उतरवायचं, सांध्यातलं गॅस्केट बदलायचं, परत चढवायचं.

"एकच काम आहे ना? मग दोन्ही एकदम उघड," व्हर्न म्हणाला होता. "पांढरी मला संध्याकाळी हवीय."

"एकदम दोन पोटं उघडी टाकून कुठला डॉक्टर उभा राहतो, व्हर्न?"

"डॉक्टर तासावर जगत नाही, बाबा. आपण जगतो."

म्हणून काल दुपारी दोन गाड्या शेजारी शेजारी होत्या, दोन्ही बॉनेट वर, आणि मधे एकटा आर्व्हो. पांढरी चार वाजता मिटली, पहिल्या चावीला मांजरासारखी गुरगुरली. निळीचं उरलेलं काम त्याने सकाळवर ठेवलं.

आता व्हर्न कॉफीचा मग घेऊन आला. लाल फडकं दिसताच त्याचा चेहरा पडला.

"अरे देवा! पोरीच्याच गाडीत?"

"एक नट कमी आहे."

"जमिनीवर असेल कुठेतरी. झाडूबरोबर गेला असेल. दुसरा लाव आणि चालू कर."

"आणि आत असला तर? असा नट एखाद्या वळणात शंभर मैल गप्प पडून राहतो. मग पुढचा ट्रक ओलांडायला पाय जोरात दाबला की इंजिन त्याला गिळतं. झडपा वाकतात, पिस्टन फुटतो, भर रस्त्यात गाडी मेल्यासारखी होते."

"मला शिकवतोस? शोध मग. पण पुस्तकात..."

"पुस्तक घाल चुलीत," आर्व्हो म्हणाला.

व्हर्नने एकदा लाल फडक्याकडे पाहिलं आणि कॉफी घेऊन तो ऑफिसात परतला.

३

एक गोष्ट आर्व्होला सुरुवातीपासूनच खुपत होती. मॅनिफोल्ड उतरवलं की इंजिनाला हवेची चार भोकं उघडी पडतात. निळीची चारही भोकं त्याने काल धुतलेल्या फडक्यांनी गच्च बुजवली होती. ती अजून तशीच होती, एकही बोळा हललेला नव्हता. मग नट गेला कुठून?

स्पार्क प्लगच्या भोकातून गेला असेल, त्याने मनाची समजूत घातली. प्लग बदलताना पाच मिनिटं ती भोकं उघडी होती. पाच मिनिटं पुरतात.

अशा कामाला तीन हत्यारं लागतात. चुंबकाची लांब काडी, मागून दाबलं की चार बोटं उघडणारी पंजाची तार, आणि टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी. नळीचा उजेड आत जातो आणि आतलं चित्र तळहाताएवढ्या पडद्यावर दिसतं.

त्याने नवे प्लग पुन्हा काढले. पहिलं सिलिंडर रिकामं होतं. काजळी, पिस्टनचा गोल माथा, तेलाचा ओलावा. दुसऱ्यात पडद्याच्या कडेला काहीतरी लाल हललं. फडक्याचा धागा असावा. त्याने नळी वळवली, पंजा घातला, पण पंजा रिकामा वर आला. पुन्हा पाहिलं तर लाल काही नव्हतं.

तिसऱ्यात चकाकी होती.

"सापडलास, लेका," तो पुटपुटला. त्याने चुंबक सोडला, तो चिकटेना. नट लोखंडाचा, न चिकटून जाईल कुठे? मग पंजा सोडला. वस्तू पकडीत आली. श्वास धरून, भोकाच्या कडेला लागू न देता त्याने ती वर काढली आणि तळहातावर टाकली.

ते कानातलं होतं. निळ्या खड्याचं, चांदीचं, मागची काडी आखूड.

ते इतकं गार होतं की तळहाताला चटका बसला. गॅरेजात शेगडी चालू होती, इंजिन रात्रभर आतच होतं. कानातल्यावर तेलाचा टिपूसही नव्हता. त्यावर पाणी होतं, नुकतं वितळलेलं.

आर्व्होने ते दिव्याखाली धरलं. काडीच्या मुळाशी, तुटलेली काडी जोडताना दिलेल्या डागाचा मोहरीएवढा गोळा होता, थोडा वाकडा. तो डाग त्यानेच याच टेबलावर दिला होता, नाताळच्या आधी. हे कानातलं त्याच्या आईचं. आईनंतर ते काइसाकडे आलं होतं.

तिने ते घातलं नसेल आज, तो स्वतःशी म्हणाला. गाडीत पडलं असेल. सीटवरून... आणि तिथे विचार अडला. सीटवरून प्लगच्या भोकात जायला वाट नसते.

४

काइसा साडेनऊच्या आधीच आली, बर्फ झटकत, हातात कागदी पिशवी.

"पा, तुझी पेस्टी. मटण-बटाटा भरलेली. आणि त्यावर केचप टाकलास तर मुम्मू आजी वरून बघतेय, लक्षात ठेव." मग तिला लाल फडकं दिसलं. "हे काय?"

आर्व्होने तिच्या कानांकडे पाहिलं. दोन्ही कानांत निळे खडे होते.

"जरा इकडे वळ."

"काय आहे?"

"वळ म्हटलं ना. कान बघू."

"मी तेवीस वर्षांची आहे, पा. कान धुते." पण ती वळली. त्याने तिचे केस बाजूला केले. डाव्या कानामागे काडीच्या मुळाशी मोहरीएवढा गोळा. थोडा वाकडा.

तसलंच कानातलं त्याच्या खिशात, मुठीत होतं. अजून गार होतं.

"काय झालं? चेहरा असा का केलास?"

परीक्षेला निघालेल्या पोरीला काय सांगायचं? तुझ्या कानातली वस्तू मी तुझ्या इंजिनातून काढली? त्याला स्वतःलाच ते वेडेपणाचं वाटत होतं. म्हातारपण, झोप कमी, डोळ्यांचा नंबर वाढलाय. कारण काहीही असो, एक मात्र त्याला हाडामांसात कळलं होतं. या गाडीत तिने बसता कामा नये.

"नट आत पडलाय," तो म्हणाला. "ही गाडी मिळणार नाही आज."

"पा!" तिचा आवाज फाटला. "मी रात्री झोपले नाहीये. चार महिने त्या पुस्तकांत डोकं घालून बसलेय. तू शब्द दिला होतास!"

"शब्द दिला होता म्हणूनच देत नाही."

ऑफिसच्या दारातून व्हर्न म्हणाला, "पांढरी ने ना, पोरी. तुझ्या बापानेच काल केलीय. नवी नवरी आहे, नवी नवरी."

आर्व्होच्या छातीवरचा दगड उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला व्हर्नला मिठी मारावीशी वाटली. त्यानेच खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातात दिली, त्यानेच काच पुसली, त्यानेच चाकं दाबून पाहिली.

"फोन?"

"बघ, मागच्या सीटवर. पिशवीत. तुझा नियम." तिने फोन दाखवून पिशवीत टाकला. "गाडी चालवताना देवाचा फोन आला तरी उचलायचा नाही. बरोबर?"

"बरोबर."

"पेस्टी गरम आहे तोवर खा. आणि प्रार्थना कर. तुला येते का?"

"मला मोजता येतं."

ती हसली. पांढरी गाडी बर्फातून बाहेर पडली, पुलाकडे वळली, आणि तिच्या मागच्या दिव्यांचा लाल ठिपका दिसेनासा झाला.

५

पेस्टी टेबलावर तशीच राहिली. तो पुन्हा इंजिनावर वाकला. आता घाई नव्हती, पण हात थांबत नव्हते.

तिसऱ्या सिलिंडरमधून त्याने काचेचा खडा काढला. दाण्याएवढा, हिरवट, कडा बोथट. गाड्यांच्या बाजूच्या काचा फुटल्या की असेच दाणे होतात. त्याच्या पाठोपाठ अजून तीन आले. मग साल आली, झाडाची. बोटभर लांब, ओली, आतून पिवळी. नाकाशी धरली तर पाइनचा ताजा वास आला, चिकाचा. जिथे पेट्रोल जळतं आणि लोखंड लाल होतं तिथून हिरवी साल आली होती, आणि तिच्यावर बर्फाचे कण होते. त्याच्या डोळ्यांदेखत ते विरघळले.

त्याने सगळं एका कापडावर ओळीने मांडलं. कानातलं, चार खडे, साल.

"व्हर्न, इकडे ये."

व्हर्न आला, पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरला. "उंदीर," तो म्हणाला. "उंदरं काय काय नेऊन ठेवतात. मागे एकात अक्रोड..."

"रात्रभर प्लग लावलेल्या सिलिंडरमध्ये?"

व्हर्न ऑफिसात गेला आणि त्याने दार लावून घेतलं. तेहेतीस वर्षांत ते दार आर्व्होने लागलेलं पाहिलं नव्हतं.

बरं झालं, आर्व्हो मनात म्हणत होता. बरं झालं या गाडीतून पाठवली नाही. काय व्हायचं होतं ते या गाडीचं होतं, आणि ही गाडी इथे आहे, माझ्या हाताखाली, फडकं बांधलेली. हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं की शेवटी त्याचा त्यालाच संशय आला.

अकरा वाजेपर्यंत त्याने चारही सिलिंडर, चारही झडपा, हवेची भोकं, उतरवलेलं मॅनिफोल्ड, सगळं कोपरा न् कोपरा पाहिलं. मॅनिफोल्ड आडवं-उभं हलवलं, आरपार उजेड पाहिला. इंजिन स्वच्छ होतं. नट त्या गाडीत नव्हता. कधी पडलाच नव्हता.

६

काही सुचेना म्हणून त्याने नट धुवायला घेतले. वाटी रॉकेलमध्ये बुडवली, ब्रश फिरवला, काळं तेल सुटलं, आणि नट फडक्यावर ओतले.

चार पिवळे होते. दोन काळे.

काइसाच्या गाडीचे सगळे नट कारखान्यातलेच, पिवळसर मुलाम्याचे. काळे नट पांढरीचे. मागल्या वर्षी जुने गंजले म्हणून त्यानेच ते नवे बसवले होते.

काल दोन उघड्या गाड्यांच्या मधे वाटी एकच होती. दोन्हींचे मिळून चौदा नट तीत हवे होते, पडले तेरा. चार वाजता, व्हर्न घड्याळ दाखवत असताना, हाताला आले ते सात नट त्याने पांढरीला लावले. कुणाचे कोणते, हे पाहायला वेळ नव्हता. सकाळी सहा उरलेले दिसले, आणि जी गाडी समोर होती तिच्यातच तो हरवलेला नट शोधत बसला. तेहेतीस वर्षं त्याने नट मोजले होते. आज सकाळीही मोजले. नुसते मोजले. पाहिले नाहीत.

आणि फडकी. मुलीच्या गाडीची चारही भोकं त्याने गच्च बुजवली होती. पांढरीची? पांढरी काय, गॅरेजची गाडी, कुणीही नेणार, कुणीही चालवणार. तेवढ्यासाठी धुतलेली फडकी शोधायला तो गेला नव्हता. पांढरीची भोकं आ वासून होती तेव्हाच तो टिंग आवाज आला होता.

किल्ली त्याने स्वतःच्या हाताने दिली होती.

त्याने फोन केला. घंटी वाजत राहिली. मागच्या सीटवर, पिशवीत. पुन्हा केला, पुन्हा वाजली. पाचव्यांदा तिचाच आवाज आला, रेकॉर्ड केलेला, हसरा: "मी काइसा. पा असशील तर ऐक, मी गाडी चालवतेय."

पोलिसांना फोन लावला. फोनवरची बाई शांतपणे विचारत होती. गाडीचा रंग, नंबर, रस्ता, कुठवर गेली असेल. मग म्हणाली, "साहेब, नेमका धोका काय आहे?"

"एक नट," तो म्हणाला. "इंजिनात एक नट आहे."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला आणि थांबला. तिने गाडी पाठवते म्हणून सांगितलं. जवळची गाडी पन्नास मिनिटांवर होती.

व्हर्नने ऑफिसचं दार उघडलं. त्याने सगळं ऐकलं होतं. "माझा ट्रक घे," तो म्हणाला. "चल, मी पण येतो."

"दीड तासाची आघाडी आहे तिची."

"मग काय करायचं?"

तेहेतीस वर्षांत व्हर्नने त्याला हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

७

कॅमेऱ्याची नळी अजून तिसऱ्या सिलिंडरमध्येच होती. टेबलावरचा पडदा चालू होता.

आर्व्होने आधी त्याकडे पाहिलं नाही. त्याने आधी ऐकलं. प्लगच्या भोकातून बारीक आवाज येत होता, टिक्, टिक्, टिक्, एका लयीत. गाडी बाजूला काढताना दाखवायच्या दिव्याचा तो आवाज होता.

पडद्यावर काजळी नव्हती. राखाडी उजेड होता आणि त्यात बर्फ पडत होता, तिरपा, दाट. त्यापलीकडे लाकडाचे गोल होते, एकावर एक रचलेले, पिवळे, ताजे कापलेले. ओंडक्यांनी भरलेल्या ट्रकची पाठ. एक ओंडका इतरांपेक्षा लांब होता, आणि अशा ओंडक्याच्या टोकाला कायद्याने बांधावं लागतं तसं लाल फडकं बांधलेलं होतं. ते वाऱ्यावर फडफडत होतं.

"नको," आर्व्हो म्हणाला. "मागेच राहा. काइसा, मागे राहा."

तो भोकाशी तोंड नेऊन ओरडला. प्लगच्या त्या अंगठ्याएवढ्या भोकात पंचावन्न वर्षांचा बाप मुलीच्या नावाने ओरडत होता आणि व्हर्न त्याचा खांदा धरून उभा होता. आर्व्होने पंजाची तार आत घातली, जमेल तितकी खोल, आणि बोटं उघडली. कशाला धरायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. पंजात गार हवा आली. बर्फ त्याच्या मनगटावर पडला.

पडद्याच्या खालच्या कडेला एक हात दिसला. त्या हाताने केस कानामागे सारले. निळा खडा चमकला.

मग इंजिनाचा सूर चढला, कुणीतरी पाय दाबावा तसा. लाकडाचे गोल बाजूला सरकू लागले, फडकं मोठं झालं, अजून मोठं, पडदाभर लाल.

टिंग.

टिक् टिक् थांबली. पडद्यावर काजळी होती, पिस्टनचा गोल माथा, तेलाचा ओलावा.

गॅरेजात शेगडीचा आवाज तेवढा होता. ऑफिसातला फोन अजून वाजला नव्हता. आर्व्होचे डोळे टेबलावर गेले. सवयीने, केवळ सवयीने, त्याने बोट पुढे केलं आणि फडक्यावरचे नट एकेक करून बाजूला सारले.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

सात.

सातवा काळा होता, एका बाजूने चेपलेला. त्याच्याखाली फडकं जळत होतं.